मालक झालेला पेंटर

तर पेंटर शिडीवर चढला, पण हातात ब्रश नव्हता, पत्र्याची पट्टी होती. काल इथंच थांबलो होतो ना? स्वतः लिहिलेली भिंत स्वतःच खरवडत होता.

आधी माणूस कळू द्या. दुकानांच्या पाट्या रंगवून पोट भरणारा. भाड्याच्या एका खोलीत बायको, दोन पोरं आणि रंगाचे डबे. भाडेकऱ्याला कारणाशिवाय बाहेर काढता येऊ नये, असा नियम व्हावा म्हणून सारी तरणी वर्षं घसा फोडला त्यानं. भिंतीमागून भिंत रंगवली, 'घर सोडणार नाही', तीही फुकट. एकदा भाषणाच्या भरात हातातला ब्रश असा फिरवला की पुढच्या रांगेतले चौघे लाल झाले. "आता खरे आपले झालात," म्हणाला. लोक हसून लोळले.

मग निपुत्रिक चुलता वारला आणि दुमजली इमारत, भाडेकऱ्यांसकट, याच्या पदरात पडली. सुरुवातीला म्हणायचा, "कुणाला हलवणार नाही." मग म्हणू लागला, "नियम हवा, पण मालकाचंही बघायला हवं." पुढं नुसतं मालकाचंच बघू लागला. अजून आठवलं की माझं डोकं तापतं. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लागला आणि माणसाची जीभच फिरली.

आता तोच नियम नगरपालिकेत मताला यायचा होता. त्याआधी लोकांचं म्हणणं ऐकणार होते, आणि पेंटर मालकांच्या बाजूनं बोलणार होता. तेव्हा चुलत्याच्या काळात यानंच या इमारतीवर रंगवलेलं ते लिखाण नको झालं. चुना मारला, तर पापुद्रे सुटून पडले. पावसात टिकावं म्हणून यानंच तेलरंग वापरला होता. म्हणून ती पट्टी.

तेवढ्यात त्याची थोरली बहीण आली. आईमागं तिनंच त्याला वाढवलेलं. तिच्या घरमालकानं तिला खोली खाली करायला सांगितली होती. नियम झाला तरच ती टिकणार होती.

"खाली उतर."

"काम आहे, ताई."

"दिसतंय तुझं काम. उद्या तिथं काय बोलणार आहेस?"

"खरं तेच. भाडेकरू भिंतींना खिळे ठोकतात, नळ चालू सोडतात, वर आपल्यालाच ऐकवतात."

"हेच तुझा मालक तुझ्याबद्दल सांगायचा. शब्द तरी स्वतःचे आण, मेल्या."

"मग माझ्याकडं राहायला ये ना."

"तुझ्या मर्जीवर? तुझ्या बायकोनं नाक मुरडलं की मी रस्त्यावर. मला नियम हवाय, उपकार नको. एवढंच सांग, तेव्हा खोटं बोलत होतास की आता?"

तो उतरला. मी तिथंच उभा, मुठी आवळून. वाटलं, आता तरी याची मान खाली जाईल. कसली जातेय. कपड्यावरचा चुना झटकत, हवापाण्याच्या गप्पा माराव्यात तसा म्हणाला,

"तेव्हाही खरंच बोलत होतो, ताई, आणि उद्याही खरंच बोलणार. तेव्हा छप्पर गळलं की मला मालकाचा राग यायचा. आता गळलं की भाडेकऱ्यांचा येतो."