वीस अंशांची खोली

समजा, तुम्ही एका बंद खोलीत बसला आहात. समोर काचेच्या पेटीत एक तराजू आहे. साखरेच्या एका कणाचा दहावा भाग टाकला तरी त्याला कळतं. तुमच्या हातात चिमटा आहे आणि त्या चिमट्यात एक ग्रॅमचं चकचकीत वजन. बोट लावायचं नाही, बोटाचा घामही वजनात धरला जातो. श्वास बाजूला सोडायचा. वजन ठेवायचं, काचेचं दार सरकवायचं आणि आकडा थांबेपर्यंत हलायचं नाही. थांबला की लिहायचा. वजन काढायचं, परत ठेवायचं, परत लिहायचं. असं दहा वेळा. मग पुढचं वजन. खोलीचं तापमान वीस अंश, दिवसभर, कारण हवा तापली की ती हलते आणि हलली की तराजूला ढकलते. चार वाजेपर्यंत तुमच्या पाठीला रग लागलेली असेल आणि कागदावर तीनशे आकडे असतील. त्यातला एकही अंदाजाने लिहिलेला चालत नाही.

हे काम बाईंनी एकोणीस वर्षं केलं. औषधांचे कारखाने, दवाखाने, सोनार यांच्याकडून वजनं यायची. त्या ती तपासून दाखल्यावर सही करायच्या. अख्ख्या इमारतीत अशी सही करायचा अधिकार दोघांनाच होता: विभागाचे साहेब आणि या बाई. मिलिग्रॅमवरून भांडतात म्हणून सगळे त्यांना मिलीबाई म्हणायचे. नावाचा त्यांना राग नव्हता. चहा ओतताना कुणी म्हणालं, "मिलीबाईंच्या कपात एक थेंब कमी पडलाय बरं का," तर त्याही म्हणायच्या, "दोन थेंब. बघता येत नसेल तर चष्मा लावा."

त्यांच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी एके दिवशी भावाचा फोन आला. बाईंनी उचलला, "हॅलो," म्हणाल्या. तिकडून भाऊ म्हणाला, "दाजी, जरा ताईला द्या ना."

"अरे, मीच बोलतेय."

"काय सांगतेस! आवाज काय झालाय तुझा, एकदम फौजदार!"

दोघंही पोट धरून हसले. फोन ठेवल्यावर बाई न्हाणीघरात गेल्या, आरशासमोर उभ्या राहिल्या आणि मोठ्याने एक ते दहा आकडे म्हणाल्या. आवाज खरंच जाड झाला होता. भुवया बाहेरच्या टोकाला विरळ झाल्या होत्या. कंगव्यात केसांचा पुंजका रोज निघतच होता, पण तो त्यांनी वयाच्या खात्यावर टाकला होता.

मग बाकीचं ध्यानात यायला लागलं. घराच्या चौदा पायऱ्यांपैकी सातवीवर बसावं लागायचं. टाचांना भेगा पडल्या. नेहमीचा साबण आणायला दुकानात जाऊन त्या आपण काय घ्यायला आलो हेच विसरल्या. आणि थंडी. बाहेर लोक घामाने निथळत असताना बाईंच्या अंगात दोन स्वेटर आणि पायांत मोजे.

पहिल्या डॉक्टरांनी थायरॉइडची तपासणी सांगितली. मर्यादा साडेचारपर्यंत, यांचा आकडा चार पॉइंट नऊ. "किंचित वर आहे. सहा आठवड्यांनी परत करू." सहा आठवड्यांनी तीन पॉइंट आठ. "बघा, नॉर्मल!" दुसऱ्या लॅबमध्ये चार पॉइंट चार. अजून एक तपासणी झाली, तिच्यावर शेरा आला: सीमेवर. सोनोग्राफीत उजवीकडे बारीकशी गाठ दिसली. तिच्यात सुई घालून नमुना काढला. आठ दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. रिपोर्ट आला: नमुना अपुरा, निष्कर्ष काढता येत नाही. परत सुई घातली. परत तेच.

"या वयात होतं असं. ताण कमी करा, फिरायला जा," डॉक्टर म्हणाले.

नवरा छपाईच्या मशीनवर काम करायचा. कानावर मशीनचा आवाज बसल्यामुळे तो घरीही जरा ओरडूनच बोलायचा. "अगं, काही निघालं नाही तर आनंद मानायचा की तोंड पाडून बसायचं?"

"काही नाही असं कुठे म्हणताहेत? कळत नाही म्हणताहेत. दोन्हीत फरक आहे."

"झालं, आली मिलिग्रॅमवर!"

नणंदेला थायरॉइड होता, रीतसर, नावासकट. ती सकाळी उपाशीपोटी गोळी घ्यायची आणि आता खडखडीत होती. एका रविवारी तिने पर्समधून गोळ्यांची बाटली काढून वहिनीच्या पुढ्यात ठेवली. "महिनाभर घेऊन बघा. माझी लक्षणं हुबेहूब हीच होती."

बाईंनी बाटली हातात घेतली, उजेडात धरली आणि परत दिली. "नको. मग पुढचा आकडा माझा राहणार नाही."

"वहिनी, तुम्ही माणूस आहात की तराजू?"

"तराजू असते तर एव्हाना कुणीतरी उघडून बघितलं असतं मला."

नणंदेला हसू आलं नाही. तिने बाटली पर्समध्ये टाकली आणि जाताना चपला घालता घालता म्हणाली, "मग बसा कुढत."

पुढच्या महिन्यात साहेबांनी बाईंना बोलावलं. साहेब वयाने बारा वर्षं लहान. याच खोलीत, बाईंच्या शेजारच्या स्टुलावर बसून त्यांनी काम शिकलं होतं. टेबलावर दोन गोष्टी होत्या. एक खोलीतल्या नव्या यंत्राने काढलेला तापमानाचा आलेख. दुसरी बाईंची नोंदवही, उघडलेली.

आलेखाची रेघ तीन आठवडे चोवीस अंशांवर होती. नोंदवहीत त्याच तीन आठवड्यांत, रोज, बाईंच्या सुबक अक्षरात: २०.०, २०.०, २०.०.

बाईंनी दोन्हीवरच्या तारखा बोटाने जुळवून बघितल्या. मग आठवलं. एका दुपारी बोटं इतकी बधिर झाली होती की चिमट्यातून वजन निसटलं. तेव्हा त्यांनी भिंतीवरचं बटण चार अंश वर केलं होतं. दहा मिनिटांसाठी, बोटं शेकण्यापुरतं. परत खाली करायचं साफ विसरून गेल्या होत्या.

"बाई," साहेबांचा आवाज खाली आला, "थर्मामीटर न बघता लिहिलंत?"

"हो."

"तुम्ही? आकडा बघितल्याशिवाय लिहिला म्हणून माझी वही फाडली होतीत तुम्ही."

"मला थंडी वाजत होती. रोज वाजत होती. मला वाटलं, खोली वीसच असणार. त्याशिवाय इतकं गारठायला का होईल?"

एक्केचाळीस दाखले परत मागवावे लागणार होते. त्यांत औषधांच्या कारखान्यांची वजनं होती, आणि त्या वजनांवरून गोळ्यांतलं औषध मोजलं जात होतं. चौकशी तर होणारच.

"हे आजारपणामुळे झालं असेल तर तसं सांगता येईल," साहेब म्हणाले. "उपचार घ्या, बरं वाटलं की सही परत मिळेल. पण त्याला कागद लागेल. आजाराचं नाव लिहिलेला. नाहीतर तो निष्काळजीपणा होतो. मग माझ्या हातात काही राहत नाही."

"किती दिवस?"

"पुढचा सोमवार."

बाईंनी ग्रंथींच्या डॉक्टरीणबाईंची वेळ मिळवली. जाताना चौकटींच्या कागदावर दोन वर्षांचे सगळे आकडे मांडून नेले: तारीख, लॅब, रक्त किती वाजता काढलं, आदल्या रात्री झोप किती तास. डॉक्टरीणबाईंनी तो कागद नीट वाचला. इतक्या दिवसांत तो वाचणाऱ्या त्या पहिल्याच. त्यांनी गळा चाचपला, गुडघ्यावर हातोडी मारून बघितली, पायाच्या सुजेवर अंगठा दाबला.

"तुम्ही मला आजारी दिसता," त्या म्हणाल्या. "खोटं सांगत नाही. पण कशाने, ते या कागदांवरून मला म्हणता येत नाही. ही मर्यादा असते ना, ती हजारो धडधाकट माणसांवरून काढलेली असते. तुम्ही तिच्या आत येता. अधूनमधून बाहेर जाता, परत येता."

"आमच्याकडे प्रत्येक तराजूची फाइल असते," बाई म्हणाल्या. "मर्यादेत असला, पण स्वतःच्या जुन्या जागेवरून सरकला असेल, तर तो आम्ही पास करत नाही."

"बरोबर आहे. तुमचा जुना एखादा आकडा असता तर मलाही मदत झाली असती. पूर्वी दीडवर असाल आणि आता साडेचारच्या आसपास, तर मी वेगळा विचार केला असता. आहे का काही?"

"नाही."

"मग मला जेवढं दिसतं तेवढंच लिहिते." त्यांनी लिहिलं: लक्षणं आहेत. निदान निश्चित नाही. देखरेखीखाली.

साहेबांनी तो कागद दोनदा वाचला, उलटा करून मागची बाजूही बघितली. "यात नाव नाही, बाई."

"नाही."

चौकशी वीस मिनिटांत संपली. समितीने सगळे रिपोर्ट मागवले होते आणि बहुतेकांवर छापलेलं होतं, नॉर्मल. ते वाचणाऱ्या गृहस्थांनी मान वर करून विचारलं, "म्हणजे तब्येत ठीक होती?" सहीचा अधिकार गेला. त्यांना खाली, आलेल्या पेट्या उतरवून घेण्याच्या खिडकीवर बसवलं. तिथे दार सतत उघडं आणि वारा थेट अंगावर.

खिडकीवर त्यांना कुणी मिलीबाई म्हणत नव्हतं. समोरासमोर तरी नाही.

त्या आठवड्यात जेवताना नवरा एकदम थांबला. या वेळी तो ओरडला नाही. "अगं, तुझं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं होतं ना? अकरा वर्षं झाली. आधी रक्त घेतलं होतं. थायरॉइडसुद्धा बघितलं होतं, मीच लॅबमधून कागद आणला होता."

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून बाई त्या इस्पितळात गेल्या. कागदपत्रांची खोली तळघरात होती. त्या दर सात पायऱ्यांना थांबत उतरल्या. तिथला कारकून जाड काचांच्या चष्म्याचा, निवृत्तीला टेकलेला माणूस होता. त्याने वर्ष विचारलं, तारीख लिहून घेतली आणि मग पेन थांबवलं.

"कशासाठी हवंय?"

"तेव्हा मी चांगली होते. तेव्हा माझा आकडा काय होता, ते बघायचंय."

"लोक इथे आजाराचे कागद मागायला येतात. बरं असल्याचा कागद मागणाऱ्या तुम्हीच पहिल्या." तो हसला, पण उठला. मागच्या रांगांत जाऊन दहा मिनिटं शोधलं. हात झटकत परत आला.

"नाही हो. आम्ही दहा वर्षं ठेवतो. त्या वर्षीचं सगळं गेल्या उन्हाळ्यात यंत्रात घालून बारीक केलं."

"संगणकावर?"

"संगणक नंतर आला. लॅबही बंद पडली ती."

बाईंच्या मागे एक माणूस चिठ्ठी घेऊन थांबला होता. कारकून त्याच्याकडे बघून पुन्हा यांच्याकडे बघायला लागला.

"आणखी काही?"

"मी बरी होते तेव्हा कितीवर होते," बाईंनी विचारलं, "हे आता कुणाला माहीत असेल?"