शेवंताबाईंना न ऐकू आलेलं घड्याळ

शेवंताबाई पहिल्यांदा आमच्या शाळेच्या लक्षात आल्या त्या १९८१ च्या जूनमध्ये. शहापूरची मराठी शाळा, पाचवीचा वर्ग, आणि दारात पस्तिशीची एक बाई, पदराच्या गाठीत खडीसाखर बांधून उभी. केसांत आणि भुवयांवर सुताचे बारीक तंतू चिकटलेले. पॉवरलूमच्या शेडातून ती तशीच आली होती. बोलताना ती समोरच्याच्या डोळ्यांत बघत नसे, तोंडाकडे बघे. वर्गशिक्षकांना ते जरा उर्मट वाटलं.

“ही साखर बायाक्काच्या दप्तरात ऱ्हाऊ द्या, मास्तर. पोरगी मधीच घामेजली, काय बी बडबडाय लागली, तर तोंडात घालायची. मारायचं न्हाय.”

“मधुमेह म्हणता, आणि साखर चारता?”

“सुई जास्ती झाली की साखर पळती. आन् साखर पळाली की पोरगी...” एवढं बोलून त्यांनी गाठ सोडली आणि साखर टेबलावर ठेवली.

बायाक्का तेव्हा अकरा वर्षांची होती. आदल्या वर्षी ती वाळत वाळत काडी झाली, घागर घागर पाणी प्यायला लागली, आणि एके दिवशी बेशुद्ध पडली. कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीच्या भागातल्या, एका डॉक्टरांनी तिला वाचवलं. तेव्हापासून दिवसातून दोनदा इन्सुलिन. काचेची सिरिंज उकळायची, औषधाची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या बुडाशी ठेवायची, परीक्षानळीतल्या निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून, तापवून रंग बघायचा. नळीतलं औषध विटेसारखं लाल झालं तर साखर फार. निळंच राहिलं तर साखर नाही. पण किती नाही, हे ती नळी सांगत नसे, आणि शेवंताबाईंना भीती होती ती नेमकी त्याचीच.

दिवसा पोरगी डोळ्यांसमोर असे, नाहीतर शाळेत. रात्री काय? नवरा मायाप्पा वडगावच्या शेडात कायमचा रात्रपाळीला. घरात दोघीच मायलेकी. संध्याकाळची सुई टोचली की शेवंताबाईंचा पहारा सुरू व्हायचा. दर दीड-दोन तासांनी उठून त्या लेकीच्या मानेमागे हात लावून बघत. मान कोरडी आणि उबदार असली की पुन्हा आडवं व्हायचं. ओली आणि गार लागली की साखरेचं पाणी. दोन वर्षं हे चाललं. शेडात चार मागांमध्ये उभ्या उभ्या त्यांचे डोळे मिटायचे. एकदा तुटलेला धागा जोडताना पेंग आली आणि आडवा धागा घेऊन धावणाऱ्या धोट्याने बोटाचं नख उपटलं. मुकादम म्हणाला, “शेवंता, रातच्याला काय चोऱ्या करतीस काय गं?”

१९८३ च्या मार्चमध्ये डॉक्टरांनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं. डॉक्टरांच्या भावाने अमेरिकेहून एक घड्याळ पाठवलं होतं. दिसायला मनगटी घड्याळ, पण वेळ दाखवायला काटे नाहीत. पाठीमागे कातडीला टेकणारे धातूचे बारीक ठिपके. घाम फुटला किंवा कातडी गार पडली की ते वाजायचं. डॉक्टरांनी ते बायाक्काच्या मनगटाला बांधलं आणि ओला कापूस ठिपक्यांखाली सरकवला.

“ऐकू येतंय ना?” त्यांनी विचारलं.

शेवंताबाईंनी त्यांच्या ओठांवरून प्रश्न ओळखला. त्या चौदाव्या वर्षापासून शेडात होत्या. तिथल्या खडखडाटात कुणाचं बोलणं कानाला कळत नाही. सगळे बायाबापे ओठ वाचतात, हातवारे करतात, त्यावरच भांडतात आणि हसतात. ती सवय इतकी अंगवळणी पडली होती की कानाचं बारीक ऐकणं कधी गेलं ते त्यांचं त्यांनाही समजलं नव्हतं. आत्ता मात्र समजलं. बायाक्का दचकून मनगटाकडे बघत होती, डॉक्टर हसत होते, आणि शेवंताबाईंच्या कानाला काहीच लागत नव्हतं.

“येतंय की,” त्या म्हणाल्या.

घरी येताना त्यांनी मनाला समजावलं की दवाखान्यात गलका होता, रात्री सामसूम असते, तेव्हा नक्की ऐकू येईल. पहिल्या दोन रात्री त्या तरीही उठल्या. तिसऱ्या रात्री झोपेने त्यांना अशी काही ओढून नेली की मानेमागे हात लावायला त्या उठल्याच नाहीत.

शेजारच्या खोलीत सोनुबाई राहायची. घरातच हातमागावर लुगडी विणायची, त्यामुळे तिचे कान शाबूत. दोन घरांमधली भिंत कौलांपर्यंत पोचलेली नव्हती, वर हातभर फट होती. सोनुबाईला आधी वाटलं, रातकिडा आहे. मग वाटलं, रातकिडा असा दम न घेता कसा ओरडेल? तिने भिंतीवर थापा मारल्या. कुणी ओ देईना. तेव्हा ती नवऱ्याला, यमनाप्पाला, उठवून घेऊन आली आणि त्याने दाराला खांदा लावून कडी उखडली.

शेवंताबाई जाग्या झाल्या त्या सोनुबाईने खांदा गदागदा हलवल्यावर. शेजारी बायाक्का घामाने भिजून निपचित पडली होती. दात घट्ट आवळलेले, बुबुळं वर गेलेली.

“पाणी आण, साखरेचं पाणी वत तोंडात!” सोनुबाई ओरडली.

“न्हाय! ठसका लागून मरंल!” डॉक्टरांनी बजावलेलं तेवढ्या वेळात शेवंताबाईंना आठवलं. त्यांनी पोरीला कुशीवर वळवलं, बोट ओलं करून साखरेत बुडवलं आणि गालाच्या आतून, हिरड्यांवर चोळत राहिल्या. पुन्हा बोट साखरेत, पुन्हा गालात. यमनाप्पा कंदील धरून होता. किती वेळ गेला ते तिघांपैकी कुणालाच सांगता आलं नाही. मग बायाक्काने जीभ हलवली, आणि आईचं बोट चावलं.

सकाळी मायाप्पा पाळीवरून आला तो उखडलेली कडी बघून धावतच आत आला. शेवंताबाईंनी त्याला सगळं सांगितलं.

“मला ते ऐकूच येत न्हाय. डाक्टरला मी खोटं बोलले.”

मायाप्पाने घड्याळ मनगटाला बांधलं, ओला हात लावला, कानाशी धरलं. बायाक्का म्हणाली, “वाजतंय आप्पा, वाजतंय.” मायाप्पाचा चेहरा कोराच.

“मला बी न्हाय येत,” तो म्हणाला.

दारातून सोनुबाई हसली. “म्हंजे इतकी वर्सं तुमी दोघं एकमेकांचं ऐकताय तरी काय?”

“तेच बरं हाय,” मायाप्पा म्हणाला, आणि मग सगळ्यांसमोर मटकन बसून रडायला लागला.

हे कळल्यावर डॉक्टर रागावले. “त्याच दिवशी का नाही सांगितलंत?”

“तुमी घड्याळ म्हागारी घेतलं असतं.”

घड्याळ त्यांनी परत घेतलं नाही.

तोडगा शेवंताबाईंनीच काढला. त्यांनी सुताचे आठ पदर एकत्र पिळून दोरा केला. एक टोक स्वतःच्या मनगटाला, दोरा भिंतीवरच्या फटीतून पलीकडे, दुसरं टोक सोनुबाईच्या उशाशी. घड्याळ वाजलं की सोनुबाईने ओढायचा. आवाज पोचत नसला तरी धाग्याचा ताण विणकरणीच्या हाताला झोपेतही कळतो, हे दोघींना ठाऊक होतं. तरी पहिले कितीतरी दिवस शेवंताबाई रात्री उठून दोरा चाचपायच्या, उंदराने कुरतडला तर नाही ना म्हणून.

एप्रिल-मेच्या उकाड्यात घड्याळ साध्या घामानेही वाजायचं, एका रात्रीत चार-चार वेळा. यमनाप्पा कावायचा. सोनुबाई दोरा ओढून पलीकडून ओरडायची, “उठ गं, बघ तुझ्या राणीला!” शेवंताबाईंना शब्द कळत नसत. त्या हात लावून बघायच्या, मान गरम असली की दोन झटके उलट द्यायच्या. काही नाही, झोप. गार असली की तीन. मग सोनुबाईला पुन्हा झोप लागत नसे, चौथ्या झटक्याची वाट बघत ती पडून राही. चौथा म्हणजे पोरगी बोलली.

अडीच वर्षांत साखर खरोखर पळाली ती अकरा वेळा. शेवंताबाईंनी त्या कुठे लिहून ठेवल्या नाहीत, पण प्रत्येकीची तिथी त्या सांगत. पुढे घड्याळ बंद पडलं ते कुणालाच दुरुस्त करता आलं नाही. तोवर बायाक्काला झोपेतून आपोआप जाग यायला लागली होती. नेहमी नाही, बहुतेकदा. त्या ‘बहुतेकदा’वर शेवंताबाईंचा कधी विश्वास बसला नाही, म्हणून दोरा तसाच राहिला. तेव्हापासून सोनुबाईऐवजी त्याचं दुसरं टोक लेकीच्या हातात असे, जाग आली की ओढायला.

गेल्या वर्षी बायाक्काला निपाणीला शिक्षिकेच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला. शेवंताबाई आठ दिवस जेवल्या नाहीत. “तिथं कोण उठवंल तिला?” एवढंच म्हणत. मग स्वतः एसटीने निपाणीला गेल्या, वसतिगृहाच्या खोलीतल्या दुसऱ्या मुलीला, जयाला, समोर बसवलं, तिचा हात धरून बायाक्काच्या मानेमागे ठेवला आणि कोरडं कसं लागतं, ओलं कसं लागतं ते शिकवलं. जया तोंडाला पदर लावून हसली. शेवंताबाईंनी तिला पुन्हा एकदा करून दाखवायला लावलं.

बायाक्का आता एकोणीस वर्षांची आहे, स्वतःची सुई स्वतः टोचते आणि महिन्यातून एकदा घरी येते. मायाप्पाची अजून रात्रपाळीच आहे. शेवंताबाई शहापुरातल्या त्याच खोलीत रात्री एकट्या झोपतात.