अक्काचा चक्कोता

देवनहळ्ळीला माझ्या अक्काच्या विहिरीपाशी चक्कोत्याचं झाड होतं. तुम्ही पपनस म्हणता. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या इकडचे, आम्ही चक्कोताच म्हणतो. बाळाच्या डोक्याएवढं फळ, आत गुलाबी. अक्का सोलायची, मी खायची. पापुद्र्याचा कण राहिला तरी घास कडू, म्हणून मला हात लावू द्यायची नाही. "तुझ्या हातात दिलं की चोथा करतेस," म्हणायची. मी सत्तरी ओलांडली तरी हेच.

अक्का गेल्या वर्षी गेली. तिच्या मुलाने जमीन लेआउटला दिली. त्याला तरी काय बोलणार? चारी बाजूंना प्लॉटचे दगड, विहीर आटलेली, शेती करणार कोण? मी एवढंच म्हटलं, "झाड तोडण्याआधी मला एक गुटी बांधू दे." म्हणजे फांदीची थोडी साल काढायची, ओली माती नि शेवाळ लावून वर प्लास्टिक घट्ट बांधायचं. आत मुळं फुटली की फांदी कापून दुसरीकडे लावता येते. अक्कानेच शिकवलेलं. पण दोनेक महिने लागतात.

"मावशी, नर्सरीत रोप मिळतं की गं. ते मशीनवाले थांबणार आहेत का तुझ्या फांदीसाठी?"

"स्वल्प थांबव रे त्यांना. तुझी आई असती तर झाडाला मिठी मारून बसली असती."

"ती असती तर मी विकलीच नसती," तो म्हणाला. मग त्याच दुपारी मी गुटी बांधली.

मशीन ठरल्याआधीच आलं. त्याचा फोन आला तशी मी इंदिरानगरहून बस पकडून गेले. झाड आडवं, विहिरीत मातीचा ढीग. हा मात्र रस्त्याकडेला बादलीत फांदी धरून उभा. "शिव्या मागनं दे. आधी उघडून बघ."

उघडली. तीन-चार पांढरे धागे, बस.

बाल्कनीतल्या ड्रममध्ये लावली. सगळी पानं गळाली. उन्हाळाभर काठीच होती ती, तरी मी पाणी घालत राहिले. मग एका सकाळी बारीक पोपटी कोंब दिसला, आणि मी मोठ्याने म्हणून गेले, "अक्का, बघ गं!" घरात ऐकायला आहे कोण?

फळ धरायला अजून काही वर्षं जातील. परवा बाजारातून एक चक्कोता आणला, म्हटलं सोलायचा सराव करावा. चोथाच झाला. कडू लागत होता. बसून सगळा खाल्ला.