दहाची वेळ

मास्तरीणबाईंचा राग कायम नाकाच्या शेंड्यावर. त्यातून खाडीच्या मुखाशी उभं राहून नुसतं पाणी बघायचं, म्हणजे आगीत तेलच.

चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या या बाई बावीस वर्षं दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, बरोबर सकाळी दहाला, किनाऱ्यावरच्या पत्र्याच्या खोलीतून पक्षी मोजत. पक्षी उतरणार चिखलात, चिखल उघडा पडणार ओहोटीला, आणि ओहोटी काही घड्याळ बघून येत नाही. या वसंतात दहाला पाणीच पाणी. दोन महिने कागदावर शून्य लागलं होतं. तिसरं लागलं की खोलीला कुलूप आणि चिखलावर भराव, असं मोजणीचे कागद जमा होत त्या कचेरीने कळवलं होतं. वेळ बदला म्हणून बाईंनी चार पत्रं लिहिली. चारही पत्रांना उत्तर एकच : नियम आहे.

तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या रविवारी कचेरीतला कारकून स्वतःच फाइल घेऊन हजर झाला. रकाने भरण्यावर त्याचा एवढा जीव, की बाईंनी त्याचं नाव रकानेराव ठेवलं होतं.

“दहा वाजले. लिहू शून्य?”

“दोन तास थांबा हो! चिखल्या पक्ष्यांच्या छातीवर विटकरी रंग चढलाय. आठ-पंधरा दिवसांत उडून जातील उत्तरेला, मग बसा रकाने मोजत!”

“नियमात दहा आहे, बाई.”

“कुठल्या मूर्खाने केला हा नियम? दाखवा. दाखवाच!”

रकानेरावाने निमूटपणे फाइलचं पहिलं पान उघडलं. पिवळा पडलेला कागद, फळ्यावर काढावीत तशी टपोरी अक्षरं. ‘मोजणीची वेळ दहा. कारण होडी दहाला पोचते.’ खाली बाईंचीच सही.

बाईंनी त्या सहीवर बोट ठेवलं. होडी त्यांच्या नवऱ्याची. रविवारची पहिली खेप तो खास त्यांच्यासाठी काढायचा. त्याला जाऊन आठ वर्षं झाली, खाडीवर पूल झाला, बाई बसने येऊ लागल्या. येत राहिल्या मात्र दहालाच.

थर्मास घेऊन बाकावर बसलेल्या नणंदेला कावळा आणि बगळा सोडून तिसरा पक्षी ओळखता येत नसे. ती हळूच म्हणाली, “वहिनी, दादा आता सोडायला येणार नाही गं. तू ओहोटीला येत जा.”

बाईंना तिचाही राग आला. स्वतःचे डोळे भरून आले, त्याचा तर त्याहून जास्त. रकानेरावाच्या हातातलं पेन हिसकावून त्यांनी ‘दहा’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘ओहोटीला’.

“अहो, असं कुणालाही बदलता येत नाही!” रकानेराव कळवळला. “सही कुणाची?”

“ज्या मूर्खाने नियम केला, त्याचीच,” म्हणत बाईंनी सही ठोकली.

रकानेरावाने दोन्ही सह्या डोळ्यांशी धरून ताडून पाहिल्या. जुळत होत्या. त्याचा नाइलाज झाला. नणंदेने सरकून त्याला बाकावर जागा दिली, आणि तिघं पाणी उतरायची वाट बघत बसले.