लागलेल्या जागी बघायचं नाही

बोईसरच्या ज्या क्लबात माझी मुलगी कबड्डी खेळायची, तिथल्या प्रशिक्षकाला मी पहिल्याच दिवशी ओळखलं. गॉगल कपाळावर चढवून, दोन्ही हात कमरेवर ठेवून तो असा उभा राहायचा, जणू मैदान त्याच्या वडिलांनी विकत घेऊन ठेवलंय. स्वतः कुठे खेळला होता ते कुणालाच माहीत नव्हतं. विचारलं की म्हणायचा, "नॅशनल खेळलेल्या लोकांत उठबस आहे आपली." खेळलो म्हणायची सोय नव्हती, म्हणून उठबस.

पण मुलीचं ज्युनियर गटातलं ते शेवटचं वर्ष होतं. आधीच्या दोन्ही वर्षी जिल्हा संघाच्या निवडीत ती शेवटच्या चाळणीत गळली होती. यंदा नाही तर नाहीच, हे तिला माहीत होतं आणि आम्हालाही. म्हणून मी तोंड बंद ठेवलं. कंपनीतली पहिली पाळी संपली की सालवडच्या घरी यायचं आणि तिला स्कूटरवरून मैदानावर सोडायचं, एवढंच करत राहिलो.

एका संध्याकाळी थांबून त्याचा सराव बघितला. मुली रांगेत उभ्या होत्या. एकजण चढाई करणारीचं सोंग घेऊन त्यांच्यासमोरून जायची आणि मध्येच कुणाच्या गुडघ्याला, कुणाच्या मनगटाला बोट लावायची. जिला लागलं तिने काय करायचं? काहीच नाही. तोच तर सराव होता.

"लागलेल्या जागी बघायचं नाही," प्रशिक्षक ओरडत होता. "हात चोळायचा नाही. पंचांकडे तर बघायचंच नाही. जब तक सीटी नहीं, तब तक आउट नहीं."

एका मुलीने सवयीने मनगटाकडे पाहिलं, तर तिला मैदानाला फेऱ्या मारायला पिटाळलं. खोटं बोलणारे मी पुष्कळ पाहिलेत, कंपनीत तर रोजच बघतो. पण खोटं बोलायची कवायत करून घेणारा माणूस पहिल्यांदाच बघत होतो. मला त्याची किळस आली.

मी सातपाटीचा. होड्या ओढून ठेवतात त्या वाळूत आम्ही खेळायचो आणि आमच्यात पंच नसायचाच, कारण सगळ्यांनाच खेळायचं असायचं. ज्याला लागला त्याने स्वतःच 'लागला' म्हणायचं, हात वर करायचा आणि बाहेर जाऊन बसायचं. त्या एका शब्दावर अख्खा डाव चालायचा. आम्ही काही सज्जन नव्हतो. शिव्या द्यायचो, चिमटे काढायचो, पकडीत एकमेकांचे केस ओढायचो. पण लागलेला कुणी लपवला तर तो रड्या. आणि रड्या हे नाव एकदा चिकटलं की मिशा पिकल्या तरी सुटायचं नाही, बंदरावर मासळीच्या लिलावात उभा राहिला तरी लोक तोंडावर हसायचे.

हे मी प्रशिक्षकाला सांगून बघितलं. तो माझ्याच वयाचा, पण मला काका म्हणून समजावायला लागला. "काका, ते गल्लीतलं झालं. हे प्रोफेशनल आहे. पंचांचं काम पंचांना करू द्या ना." आसपासचे पालक माना डोलवत होते. त्यातला एकजण तर मला म्हणाला, "सर बरोबर बोलतात." त्याच्या पोरीला उद्या गळा काप म्हणून शिकवलं असतं, तरी तो सर बरोबर बोलतात म्हणाला असता.

निवड स्पर्धेचा अंतिम सामना पालघरला झाला आणि समोर संघ आला तो नेमका सातपाटीचा. निवड समिती मांडवात पंख्याखाली बसून चिवडा खात होती. जिंकणाऱ्या संघातून बऱ्याचजणी घेणार आणि हरणाऱ्यांतली एखादीच, हे आधीपासूनच बोललं जात होतं. म्हणजे माझ्या मुलीला जिंकणं भाग होतं.

शेवटच्या चढाईला आमच्या मुली एका गुणाने पुढे होत्या. सातपाटीची पोरगी चढाईला आली. बारीक, काटक, दम असा की ऐकत राहावं. ती डाव्या कोपऱ्याकडे झेपावली आणि परत फिरता फिरता तिचं बोट माझ्या मुलीच्या घोट्याला लागलं. मी त्याच बाजूला बसलो होतो. ती मधली रेषा ओलांडून गेली, वळली आणि माझ्या मुलीकडे हात करून उभी राहिली. गुण मिळाला असता तर बरोबरी झाली असती.

माझी मुलगी जागची हलली नाही. समोर कुठेतरी बघत राहिली. घोट्याजवळून साधी माशी गेली तरी माणूस खाली बघतो, ती बघत नव्हती. तिचा सराव चांगला झाला होता. त्या बाजूच्या पंचाने नाही म्हणून मान हलवली, शिट्टी वाजली आणि आम्ही जिंकलो. प्रशिक्षक उड्या मारायला लागला.

हात मिळवायच्या रांगेत सातपाटीच्या पोरीने तिला विचारलं, "लागला ना गं तुला?"

"पंचांना विचार."

"रडी हायेस तू," ती पोरगी म्हणाली आणि पुढच्या मुलीशी हात न मिळवताच निघून गेली.

मग बक्षिसं. एका पाहुण्याने खिलाडूवृत्तीवर भाषण ठोकलं. मैदानावर काय झालं ते त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं, तो चहाच्या वेळेला आला होता. शिस्तबद्ध संघ म्हणून एक वेगळा चषक असतो, तोही आमच्याच क्लबाला मिळाला. सातपाटीच्या मुली पंचांशी वाद घालत बसल्या होत्या ना, म्हणून त्या बेशिस्त. आमच्या मुली कशा गप्प उभ्या होत्या. चषक घेताना प्रशिक्षकाने गॉगल डोळ्यांवर उतरवला, फोटोसाठी.

निवड झालेल्यांत माझ्या मुलीचं नाव होतं. सातपाटीच्या त्या पोरीचं नव्हतं.

घरी बायकोने पेढे आणून ठेवले होते. मुलगी हातपाय धुऊन आली आणि पाय पसरून बसली. मला राहवलं नाही.

"लागला होता," मी म्हटलं.

"हो." तिने ते इतकं सरळ सांगितलं की मला धक्काच बसला. काहीतरी लपवील, रडेल, असं वाटलं होतं.

"मग?"

"मग काय? पंचांनी दिला नाय."

"मी असतो तर हात वर करून बाहेर गेलो असतो."

"म्हनून तर तुमी कधी जिल्ह्याला खेळला नाय, बाबा."

ती हे रागाने बोलली नाही. प्रशिक्षकाबद्दल बोलताना माझं तोंड जसं होतं, तसंच तिचं झालं होतं.

मी जिल्ह्याला खेळलो नाही, कारण माझा दमच पुरायचा नाही. दोनदा निवडीला गेलो आणि दोन्हीदा पहिल्याच फेरीत त्यांनी मला घरी पाठवलं. बाहेर जायला हात वर करायची वेळच आली नव्हती. बायकोला हे सगळं ठाऊक आहे, मुलीला नाही. तिने पेढ्यांच्या पुड्यावरून मान वर करून माझ्याकडे बघितलं. मुलगीही बघत होती, मी काय म्हणतो म्हणून.

मी म्हटलं, "असंल तसं."