उकंडमामाजीचं मशीन

सोनाळ्यात कोणाच्या घरी काही मोडलं, फुटलं, बंद पडलं की ते फिरून फिरून आमच्या शेजारच्या उकंडमामाजीच्या सपरीत, दारापुढच्या पडवीत, येऊन पडे. मामाजी कोणाले नाही म्हणतच नव्हते. फुटक्या बादलीत तुळस लावली, मोडक्या पंख्याची जाळी कोंबडीच्या पिलांवर झाकली, सायकलच्या फाटक्या ट्यूबा चिरून वांग्याच्या मळ्यात बांधाले नेल्या. मी भांडायची त्यायच्याशी. "मामाजी, हे घर हाये का भंगाराचं दुकान?" तर ते हसत आणि म्हणत, "पोरी, मलेच उकिरड्यावरून उचललं हाये. मी कोणाले कसं फेकू?"

खरी गोष्ट होती ती. मामाजीच्या आधीचे दोन लेकरं पाळण्यातच गेले होते. आमच्या इकडची जुनी रीत अशी, की मंग पुढचं लेकरू झालं का त्याले उकिरड्यावर नेऊन ठेवायचं. शेजारणीनं ते सुपात उचलायचं, अन् मायनं तिले मूठभर ज्वारी देऊन आपलंच लेकरू परत मागून घ्यायचं. टाकून देलेल्या लेकराकडे मरण पाहात नाही, म्हणे. असं जगलं ते पोर उकंडा, म्हणजे उकिरड्यावरचा. मोठेपणी त्याचे उकंडराव झाले, अन् मी लग्न होऊन या गल्लीत आली तवापासून माझे मामाजी.

मी पंचफुला. नावाले हसू नका, आजीनं ठेवलं हाये. बसस्टँडपाशी माझा कॉम्प्युटरचा क्लास. माझी जीभ तिखट हाये असं सारं गाव सांगन, अन् त्यात काही खोटं नाही. पण या गोष्टीत मी जिथं जिथं चिडली, तिथं बरोबर चिडली.

मामाजीच्या बायकोचं नाव विमलबाई. बाप्पा, काय आवाज होता त्या बाईचा! मामाजीचा मळा गावाच्या मागं, नाल्याच्या पलीकडे. चहा उकळला की मामी ओट्यावर उभी राहून हाक मारे, "अवो, आइकता का! चहा निवून राह्यला, या बरं लवकर!" अन् तिकडे वांग्यात वाकलेला माणूस हातातलं टाकून उभा राहे. ती हाक ऐकून आमची सारी गल्ली चहा ठेवे. घड्याळ पाहाची गरजच नव्हती.

त्या उन्हाळ्यात मामीले लकवा मारला. उजवं अंग गेलं, अन् त्याच्यासंग आवाजही गेला. बाईले सारं समजे, डोळ्यातून सारं बोले, पण तोंडातून एक अक्षर निंघत नव्हतं. मामाजी सकाळी तिची वेणी घालून देत. वाकडीतिकडी होई वेणी, पण घालत. मंग मळ्यात जात, कारण झाडं काही माणसाच्या दुखण्यासाठी थांबत नाहीत. एक दिवस ते मळ्यात असताना मामी न्हाणीपाशी पडली. हाक मारता येत नव्हती. माझी सासू तानुबाई ताक द्याले गेली तवा तिले दिसली. तोपर्यंत ती तशीच पडून, अन् गालाखालची फरशी ओली झालेली.

पुण्याले असलेल्या लेकाले, सहदेवले, हे समजल्यावर तो फोनवरच रडला. म्हणाला, "बाबा, दसऱ्याले येतो अन् मायले घेऊन जातो. तुम्हीही चला." सहदेवचं चुकत नव्हतं काही. पण पुण्याचं नाव निंघालं की मामी भिताडाकडे तोंड करून घेई, अन् मामाजी दिवसभर जेवत नसत. बेचाळीस वर्षांची जोडी. एक मळ्याशिवाय जगत नाही अन् दुसरी त्या ओट्याशिवाय.

तिसऱ्या दिवशी मामाजी माझ्या क्लासात आले. "पंचफुला, आमच्या घरी सहदेवचा कॉलेजातला कॉम्प्युटर पडला हाये. तो म्हणे, भंगारात द्या. मी देला नाही. त्याच्यातून घंटी वाजन का? तिनं हात लावला का मले मळ्यात ऐकू गेलं पाहिजे."

मी जाऊन पाहिलं. गोधडीखाली झाकलेलं मशीन. चालू केलं तर एवढं कण्हे, की तोपर्यंत दूध उतू जाऊन थंड होईन. मी म्हणलं, "मामाजी, याच्यातलं विंडोज काढून टाकते अन् लिनक्स टाकते."

"ते कोण?"

"तेही तसंच, पण अंगानं हलकं. म्हाताऱ्या मशीनले झेपते."

"मंग टाक. हलकं बरं असते," मामाजी म्हणाले.

सारं पुसून टाकाच्या आधी मशीनमधलं जुनं सामान एकदा पाहून घ्यावं म्हणून मी एकेक उघडत गेली. फोटो, गाणे, अन् एक रेकॉर्डिंग. सहदेवनं नोकरीच्या मुलाखतीची तयारी केली होती. "माझं नाव सहदेव. मी सोनाळ्याचा. माझे वडील शेती करतात," असं पुस्तकी बोलून राह्यला होता, अन् मधातच मागून, ओट्यावरून, खणखणीत: "अवो, आइकता का! चहा निवून राह्यला, या बरं लवकर!" पुढं माय-लेकाचं थोडं बोलणं होतं.

मामाजी दारात उभे होते. ते खालीच बसले. "पुन्हा लाव," म्हणाले. मी पुन्हा लावलं. खाटेवर मामीनं आपला डावा हात तोंडावर ठेवला अन् स्वतःचा आवाज ऐकत राह्यली. खोटं कायले सांगू, मले पुढचं काही दिसतच नव्हतं.

तिथल्या तिथं मी ठरवलं, घंटी नाही, हीच हाक. तेवढा तुकडा कापून मी वेगळा केला. मूळ रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर जपून ठेवलं. दुसऱ्याच्या घरचा आवाज पुसणारी मी कोण?

पण ते लिनक्स काही बसे ना. एकदा टाकलं, मधातच अडकलं. दुसऱ्यांदा टाकलं, काळा पडदा. मी चिडून म्हणलं, "मामाजी, हे मेलं." तर मामाजी एकदम गंभीर. "दोनदा गेलं ना? मंग असं नाही चालत," असं म्हणून त्यायनं ते धूड खांद्यावर घेतलं अन् सरळ नेऊन उकिरड्यावर ठेवलं. मी मागं ओरडत पळाली, "अवो मामाजी, भैताड झाले का तुम्ही? माती जाईन त्यात!" कोण ऐकते! माझीच सासू, तानुबाई, सूप घेऊन हजर. मशीन सुपात माईना म्हणून नुसतं सूप लावल्यासारखं केलं अन् मामाजीनं उचललं. मंग तिले मूठभर ज्वारी देऊन मशीन परत मागून घेतलं. गल्लीतल्या बाया पदर तोंडाले लावून हसून राह्यल्या होत्या.

तिसऱ्यांदा ते बसलं. आता मी क्लासातून दुसरी सीडी आणली होती, पहिलीवर चरे होते, हे मी सगळ्याईले सांगितलं. कोणी ऐकलं नाही. सारं श्रेय उकिरड्याले गेलं.

भजनी मंडळाचा एक जुना भोंगा मामाजीच्याच सपरीत पडला होता. तो माडीवर बांधला. इन्व्हर्टर सहदेवनं आधीच देलं होतं. कीबोर्डवरच्या सगळ्यात लांब बटनावर मामाजीनं कुंकवाचं बोट लावलं. मामीनं ते दाबलं का हाक मळ्यापर्यंत जाणार. पहिल्यांदा दाबलं तवा मामाजी एकाच पायात चप्पल घालून नाला ओलांडून धावत आले. मामीले काही झालं नव्हतं. तिले फक्त दाबून पाहाचं होतं. मामाजीनं डोक्याले हात लावला, अन् मामी लकव्यानंतर पहिल्यांदा हसली, अर्ध्याच तोंडानं, पण पोटातून.

त्या दिवसापासून गल्लीत पुन्हा वेळेवर चहा होऊ लागला. मशीनही घरातलं माणूसच झालं. सकाळी त्यावर भजन लागे. पुण्याच्या नातीचे फोटो पडद्यावर आपोआप सरकत राहत, अन् तानुबाई समोर बसून त्याच त्याच फोटोले रोज नवीन नाव ठेवे. डॉक्टर म्हणाले होते, चालता हात चालता ठेवा. मी मामीले पत्त्याचा खेळ लावून देला. डाव्या हातानं माऊस धरून ती एकेक पत्ता ओढे. आधी पत्ते भलतीकडेच जात. मंग मात्र जमलं, एवढं जमलं की मी मधात बोट घातलं का माझ्या हातावर चापट बसे. तिच्या मनाजोगं काहीतरी तिच्या हाती पुन्हा आलं होतं, अन् मले त्याचंच जास्त बरं वाटे. एकदा तिनं नातीच्या फोटोनंतर कानाले हात लावून दाखवला, मंग दाराकडे. मले समजलं, तिले दूर गेलेल्या लेकाचा आवाज ऐकाचा होता. मी सहदेवचं ते पूर्ण रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवरून परत आणून पडद्याच्या कोपऱ्यात ठेवून देलं, नातीच्या फोटोखाली.

अन् मंग दसरा आला.

आमच्याकडे दसऱ्याले घरातली सारी हत्यारं धुऊन पुजतात. विळा, कुऱ्हाड, वखराची पास, मोटर. मामाजीच्या लेखी आता घरातलं सगळ्यात मोठं हत्यार कोणतं? त्यायनं कीबोर्ड विहिरीवर नेला, साबण लावून दातांच्या ब्रशानं घासला, पाण्यात बुचकळून काढला, उन्हात वाळवला, हळदकुंकू वाहिलं, वर आपट्याचं पान ठेवलं. अन् मले बोलावून अभिमानानं दाखवलं. "पाह्य पोरी, कसा चमकते!"

मी बटन दाबलं. काही नाही. सगळे दाबले. काही नाही. मंग मी जे बोलली ते इथं सांगत नाही. मामाजीच्या हाताले हळद तशीच. त्यायचं तोंड पाहून मले माझं बोलणं परत घ्यावं वाटलं, पण शब्द सुटून गेले होते.

त्याच दुपारी सहदेव गाडी घेऊन आला. फोनवर आम्ही त्याले एवढंच सांगितलं होतं, की मायसाठी मशीन बसवलं. तो मशीनपाशी गेला अन् पाहाले मिळाला हळद लावलेला मेला कीबोर्ड. ओरडला नाही तो. हळू आवाजात म्हणाला, "बाबा, आज हे बिघडलं, उद्या दुसरं बिघडन. अन् त्या दिवशी माय पडली असन तर? मी तिथं पुण्यात झोपू शकत नाही." त्याचंही खरंच होतं, म्हणून तर मले एवढा राग येऊन राह्यला होता. उद्या सकाळी निंघाचं ठरलं. मामीले कोणी विचारलं नाही. बोलत नाही त्या माणसाले विचाराचं लोक विसरूनच जातात, अन् त्यात मीही आली.

सकाळी सहदेव मायच्या बॅगा गाडीत ठेवून राह्यला होता. मामाजी "मोटर पाहून येतो" म्हणून मळ्यात निंघून गेले. त्यायले ते पाहवत नव्हतं. मी क्लासात जाऊन दुसरा कीबोर्ड काखेत मारून आणला. काय उपयोग, पण आणला. मामीले खुर्चीत मशीनसमोर बसवलं होतं, नवं लुगडं नेसवून. मी सहदेवच्या गाडीपाशी पोचली, अन् माडीवरचा भोंगा खरखरला.

"माझं नाव सहदेव. मी सोनाळ्याचा. माझे वडील शेती करतात."

सहदेवच्या हातातली पिशवी तशीच राह्यली. कीबोर्ड मेला होता, पण माऊस जिवंत होता. ते माझ्यासारख्या शिकवणारणीच्या डोक्यात आलं नाही. रोज पत्ते ओढणाऱ्या बाईच्या आलं. अन् मंग साऱ्या गावावरून तो आवाज गेला, जो सहदेवनं उन्हाळ्यापासून ऐकला नव्हता.

"अवो, आइकता का! चहा निवून राह्यला, या बरं लवकर!"

अन् त्याच्या मागंमाग, मी जे कापून टाकलं होतं ते. कोवळ्या सहदेवचा वैतागलेला आवाज: "माय, गप राह्य ना वं! रेकॉर्डिंग चालू हाये!"

अन् मायचा, हसरा, एकदम खाली आलेला: "बरं बापा. राह्यली गप."

भोंगा थांबला. सहदेव घरात गेला तो चालत गेला का पडत, मले सांगता येत नाही. तो मायच्या गुडघ्याशी बसला अन् लहान लेकरावाणी रडाले लागला. "माय, नोको वं गप राहू. बोल माय. मी आइकतो." मामीनं डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. मंग त्यानं मान वर करून विचारलं, जे आधीच विचाराले पाहिजे होतं. "माय, तुले यायचं हाये का पुण्याले?"

मामीनं मान हलवली. नाही. मंग तिनं दाराकडे बोट केलं. दारात मामाजी धापा टाकत उभे, पायात एकच चप्पल. "काय झालं? पडली का?" मामीनं तेच बोट चुलीकडे फिरवलं. चहा कोणी ठेवलाच नव्हता त्या सकाळी.

सहदेव उठला, त्यानं चहा ठेवला. मी बॅगा गाडीतून काढून आत आणल्या. नवा कीबोर्ड त्यानंच लावला, बटनावर कुंकू लावलं अन् बापाले हात जोडून म्हणाला, "बाबा, याले पुढच्या दसऱ्याले नुसतं ओवाळा." तानुबाई दिवसभर मामीपाशी बसन, असंही ठरलं. दोन दिवसांनी तो एकटाच निंघाला.

गाडीत बसताना त्यानं मले बाजूले घेतलं. "पंचफुलाबाई, ते माझं गप राह्य म्हणणं तेवढं पुसून टाका. माय रोज ते ऐकन तर मले सहन नाही होणार." मी मामीपाशी गेली, माऊस हातात घेतला अन् विचारलं, "मामी, हे काढू का?" फट्कन माझ्या हातावर चापट बसली. मंग तिनं माऊस ओढून घेतला, अन् लेकाचं तेच "माय, गप राह्य ना वं" पुन्हा लावलं.