जिभेवरची पावडर

जोहे गावातल्या आमच्या गणपती कारखान्यात बाबा रंगाची पावडर जिभेवर जोखतात. चिमूट दातांखाली फिरवायची. कचकचली तर परत गाळायची, नाहीतर पास. आई ओरडायची, बाबा थुंकायचे आणि पुढची चिमूट उचलायचे.

मूर्तींचे डोळे आखावेत तर बाबांनीच. पण गेल्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. पेणच्या डॉक्टरांनी कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या. बाबा डोळे सोडून मूर्तींच्या अंगाला गुलाबी रंग मारायला बसले. कारखान्यातल्या पोरांनी डोळ्यांचं काम आपापसात वाटून घेतलं. तेच त्यांना जास्त लागलं.

मी धाटावला कंपनीच्या लॅबमध्ये आहे. तिथे सिरियम ऑक्साइड तपासते, काचेला चकाकी आणायची फिकट गुलाबी पावडर. एकदा जेवताना मी सांगितलं, की याच ऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण पेशींची झीज थांबवतात का, मेंदूच्या आजारांवर चालतील का, हे शास्त्रज्ञ उंदरांवर बघताहेत. माणसांसाठी औषध अजून नाही, हेही सांगितलं. बाबा नुसती मान डोलवत होते.

मग एका सुट्टीच्या दिवशी त्यांच्या रंगांच्या डब्यांमागे मला त्याच पावडरीचा डबा दिसला. शेजारी मधाची बाटली.

"बाबा, ही कुठून आणलीत?"

"पेणवरनं. काचवाल्याकडं मिळते."

"खाताय?"

"मधासंगं. भस्म घेतात तशी. आधी खरखरीत होती गो, मग तलम कापडातनं गाळली. आता दाताखाली लागत पन नाय. तूच बोललीस ना, बारीक पायजे?"

मी डबा ओढून घेतला. कापडातून गाळलेलं बारीक कुठे आणि प्रयोगातलं ते बारीक कुठे! शिवाय या पावडरीत आणखी काय काय मिसळलेलं असतं, ते तपासण्याचाच मला पगार मिळतो.

डबा काखेत मारून मी त्यांना रिक्षात बसवलं आणि पेणला नेलं. रस्ताभर ते रुसून बसले होते. डॉक्टरांनी रक्त, लघवी, छातीचा फोटो, सगळं करून घेतलं. रिपोर्ट चांगले आले. पोटात गेलेलं पुढे काय करेल, असं मी विचारलं. "सांगता येत नाही, लक्ष ठेवा," एवढंच ते म्हणाले. कंपवाताच्या गोळ्या मात्र त्यांनी वाढवून दिल्या.

तेव्हापासून मी लक्षच ठेवते आहे. बाबा खोकले तरी माझा जीव खालीवर होतो. शिफ्टवर असले की आईला फोन करून करून भंडावते. डबा मी फेकला, पण पेणच्या काचवाल्याकडे नेणारी बस काही मला बंद करता येत नाही.

परवा बाबांनी हाक मारली. समोर मूर्ती, हातात बारीक कुंचला. एका दमात त्यांनी भुवई ओढली, खाली डोळा आखला.

"बघ, हालला काय हात?"

नव्हता हलला. वाढवलेल्या गोळ्यांचा गुण असेल, की पुन्हा तीच पावडर? आनंदाने मी नाचायला हवं होतं, पण माझी नजर त्यांच्या तोंडाकडे गेली.

"बाबा, जीभ दाखवा."

त्यांनी शहाण्या मुलासारखी जीभ बाहेर काढली. तिच्यावर फिकट गुलाबी थर होता.

"मूर्तीच्या अंगाचा रंग चाखला गो मघाशी," ते म्हणाले आणि दुसरा डोळा आखायला वळले. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. तो जरासा तरी थरथरावा, असं मला वाटत होतं.